विज्ञानाचा तास आणि पुढचा रस्ता

बी.एस्सी. झालो आणि दुसरं काही हाताला लागलं नाही म्हणून मी लोणावळ्यात मास्तर झालो. तिसाच्या दशकातली गोष्ट. शाळा इंग्रजी तिसरीपर्यंतच होती, म्हणजे मुलं साधारण अकरा ते चौदा वर्षांची. निम्मी बाजारपेठेतली, निम्मी कामशेत, मळवलीकडून गाडीनं येणारी. मला गणित आणि इंग्रजी दिलं होतं, आणि उरलेसुरले म्हणून आठवड्याचे दोन तास विज्ञान.

पहिल्याच दिवशी मी तिसरीच्या वर्गाला विचारलं, पुढं कोण काय होणार? एकेक जण उभा राहून सांगू लागला. तलाठी. वडगावच्या कोर्टात कारकून. पोस्टमास्तर. शाळामास्तर. पुन्हा तलाठी. वडिवळ्याहून येणारा एक मुलगा होता, तो रोज भाताच्या बांधांवरून कामशेतपर्यंत चालत येऊन गाडी धरायचा. तो म्हणाला, "आमचं आबा म्हंत्यात, तलाठी हो. तलाठ्याला समदे रामराम करत्यात."

वर्गाच्या खिडकीतून रेल्वेच्या तारा दिसत होत्या. कोळशाची इंजिनं जाऊन विजेची आली त्याला फार वर्षं झाली नव्हती. गावाच्या सभोवती धरणं. त्यांचं पाणी नळांतून घाटाखाली पडायचं आणि त्याची वीज व्हायची. हे सगळं या मुलांच्या दारात चाललेलं होतं आणि चाळीस मुलांत एकालाही त्यातलं काही व्हावंसं वाटत नव्हतं. मला संताप आला. मुलांचा नव्हे, पण मग नक्की कुणाचा ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

तास संपल्यावर एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. वर्गात दोनच मुली होत्या आणि त्यांचा बाक भिंतीकडेला होता. ही त्यातली एक. बाजारात स्टो, कंदील आणि गॅसबत्त्या दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान दुकानदाराची धाकटी लेक.

"मास्तर, तुम्ही आम्हा दोघींना विचारलंच नाही."

"राहून गेलं. सांग, तुला काय व्हायचंय?"

"ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण विचारायला पाहिजे होतं."

एवढं बोलून ती गेली. मी खडूची पेटी आवरत उभा राहिलो.

विज्ञानाचं एक कपाट शाळेत होतं. त्यात विजेची घंटा होती, होकायंत्र होतं, काचेच्या नळ्या होत्या, हवा काढून घेणारा एक पितळी पंपही होता. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. वेळेचे पक्के, शिकवायला चोख, आणि आयुष्यात त्यांनी कुणाचं काही बुडवलेलं नव्हतं. पण कपाट म्हटलं की ते हटून बसत.

"फुटलं तर पुन्हा मिळणार नाही," ते म्हणायचे.

"पण वापरलंच नाही तर असून काय उपयोग?"

"इन्स्पेक्टरसाहेब येतात तेव्हा उघडतो की."

खरंच उघडायचे. त्याच्या आदल्या दिवशी शिपाई सगळं पुसून ठेवायचा, साहेब यादीवर खुणा करायचे आणि कपाट पुन्हा बंद व्हायचं. मुलांनी होकायंत्र फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

मग मी आपल्या खोलीतल्या वस्तू वर्गात न्यायला लागलो. एकदा दाबलेल्या हवेचा धडा होता म्हणून माझा स्टो नेला. आत हवा कोंबली की रॉकेल वर कसं चढतं ते दाखवायचं होतं. मी पंप मारत राहिलो, घाम फुटला, पण दाब काही भरेना. मागच्या बाकांवर हसू सुरू झालं. तेवढ्यात ती मुलगी उठून पुढं आली.

"वायसर सुकलंय, मास्तर."

माझ्या परवानगीची वाट न बघता तिनं पंपाची दांडी बाहेर काढली. टोकाला चामड्याची छोटी वाटी होती, ती वाळून आकसली होती. तिनं नखानं तिची कड पसरली. तेल कुठून आणायचं, असं मी विचारतोय तोवर ती आपल्या बाकाशी गेली, मैत्रिणीच्या चप्प बसवलेल्या केसांवरून दोन बोटं फिरवली आणि ते खोबरेल चामड्याला चोळलं. दांडी आत घातली आणि चार वेळा पंप मारला. रॉकेल वर आलं.

"चामडं कडेला घट्ट बसलं तरच हवा मागं फिरत नाही," ती वर्गाला म्हणाली. "नाहीतर आपण नुसतं दमतो."

मी पुस्तकातलं जे पान वाचून दाखवणार होतो त्यात हे एवढं सोपं करून लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून वर्ग बदलला. मुलं घरातलं काय काय आणायला लागली. मोडकं घड्याळ, सायकलची घंटी, बंगलेवाल्यांनी टाकून दिलेली विजेरी. वडिवळ्याच्या मुलानं तांब्याची तार आणि खिळा घेऊन लोहचुंबक केलं आणि तो दिवसभर टाचण्या उचलत बसला. आबांना दाखवलं का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "दावलं. आबा म्हनले, लय चांगलं हाय, आता आब्यास कर."

मला वाटायला लागलं की पुस्तक आणि वस्तू यांच्या मधली भिंत मी पाडली. आता मुलांना खरी यंत्रं दाखवायची, म्हणजे पुढचं आपोआप होईल. माझी समजूत तेव्हा इतकी भाबडी होती.

गावाजवळ रेल्वेचं सबस्टेशन होतं. बाहेरून आलेली वीज तिथं इंजिनांना चालेल अशी करून वरच्या तारेत सोडायचे. ते मुलांना बघू द्यावं म्हणून मी अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. तिसऱ्या अर्जानंतर, पावसाळा उलटून गेल्यावर, चिठ्ठी आली: बारा विद्यार्थी, एक शिक्षक, शनिवारी दुपारी. मी यादी केली आणि पहिलं नाव त्या मुलीचं लिहिलं.

हेडमास्तरांनी यादी वाचली, तांबड्या शाईचा टाक उचलला आणि पहिल्याच नावावर रेघ मारली.

"चिठ्ठीत विद्यार्थी म्हटलंय," मी म्हणालो. "मुलगे असं म्हटलेलं नाही."

"तिथं सगळे पुरुष कामगार. अकरा मुलगे आणि एक मुलगी असं तुम्ही बाजारातून चालत नेणार. उद्या शाळेच्या कमिटीत कुणी विचारलं तर?"

"मी उत्तर देईन."

"तुम्हाला कुणी विचारणार नाही. मला विचारतील. आणि तिच्या बापाला लोक काय म्हणतील त्याचा विचार केलात?"

तिच्या वडिलांना विचारून येतो, असं मला म्हणता आलं असतं. दुकान पाच मिनिटांवर होतं. मी म्हणालो नाही. नोकरीत पहिलंच वर्ष होतं, आणि एवढ्या खटपटीनं मिळालेली परवानगी हातची जाईल या भीतीनं मी यादी तशीच घेऊन बाहेर आलो.

तिला सांगितलं तेव्हा ती रडली वगैरे नाही. "किती वाजता जाणार?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी वहीचा एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर सात प्रश्न होते, अक्षर सुवाच्य, प्रत्येकाखाली उत्तरासाठी दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या.

सबस्टेशनात शिरलो तेव्हा मुलं एकमेकांना चिकटून उभी राहिली. मोठाली यंत्रं फिरत होती आणि त्यांची घुमघुम पायाखालच्या फरशीतून वर येत होती. फोरमन तळेगावचा होता, माझ्याच गावचा. खाकी चड्डी, कानावर पेन्सिल. त्यानं सगळं उत्साहानं दाखवलं. शेवटी म्हणाला, "विचारा काय विचारायचं ते." मुलं गप्प. मी तो कागद वडिवळ्याच्या मुलाच्या हातात दिला आणि वाचायला सांगितलं.

पहिला प्रश्न होता: इंजिनाच्या टपावरचा सांगाडा तारेला सारखा घासतो, मग झिजतं कोण, तार की सांगाडा? फोरमन हसला. म्हणाला, सांगाड्यावर मऊ पट्टी असते, ती झिजते. ती बदलणं सोपं, तार बदलणं कठीण. दुसरा: वर एकच तार दिसते, मग वीज परत कुठून जाते? रुळातून, तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. पाचवा प्रश्न असा होता: घाट चढताना इंजिन वीज खातं. उतरताना गाडी आपोआप पळते, तेव्हा त्याच मोटारी उलट्या वीज करतील का?

फोरमननं तो कागद मुलाच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"आमच्या वर्गातच आहे," मी म्हणालो.

"करतील. तसं करता येतं. पण हे शाळेतल्या पोराला सुचतं म्हणजे कमाल आहे. मास्तर, दोन वर्षांनी त्याला माझ्याकडे आणा. साहेबाला सांगून शिकाऊ म्हणून चिकटवून देतो."

"ती मुलगी आहे."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

"अस्सं," तो म्हणाला. "मग उत्तरं तेवढी तिला नीट सांगा."

त्यात हेटाळणी नव्हती. तो भला माणूस होता. त्याला खरोखरच पुढं बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. परतताना मुलं आनंदात होती, पट्टी मऊ की तार मऊ यावर भांडत होती, आणि मी तो कागद खिशात घालून मागून चालत होतो.

सोमवारी मी तिला उत्तरं सांगितली. ती लिहून घेत होती. मध्येच थांबून म्हणाली, "रुळातून वीज परत जाते तर रुळावरून चालणाऱ्या माणसाला धक्का का बसत नाही?"

"मला नक्की सांगता येणार नाही."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही सुचलं."

"मला सुचलं असतं," ती म्हणाली आणि पुढच्या उत्तरासाठी पेन्सिल धरून बसली. फोरमन शिकाऊ घेण्याबद्दल काय बोलला, ते मी तिला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात तिच्या वडिलांनी मला दुकानात बोलावून घेतलं. ते मूळचे नाणे मावळातल्या खेड्यातले, बोलणं अजून तिकडचंच. एका गॅसबत्तीची जाळी बसवत होते. मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला.

"मास्तर, पोरगी घरात लय बोलती तुमच्याबद्दल. हितलं समदं काम तिला येतं. माझ्यापरीस बरं येतं. आता मला येक सांगा, तिला ह्यातच फुडं शिकवायचं म्हटलं तर कुटं घालायची?"

मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं ते वेगळ्याच प्रश्नाचं. मला वाटलं होतं ते म्हणतील, पुरे झालं शिक्षण. त्यांच्याशी वाद घालायची तयारी करून मी आलो होतो. आणि हे तर रस्ता विचारत होते.

"चौकशी करून सांगतो, चाचा," मी म्हणालो.

"व्हय, करा. मला त्यातलं न्हाई कळत. तुमी सांगाल तितं ठेवतो."

मला तरी कुठं कळत होतं? इथं माझंच थोडं सांगायला हवं. मला इंजिनिअर व्हायचं होतं. माझे वडील कारकून, घरात शिकलेले सगळे कारकून आणि मास्तर. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जायचं तर आधी कुठले विषय घ्यावे लागतात, अर्ज कधी करायचा, हे मला सांगणारं कुणी नव्हतं, आणि कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती. हे मला इतकं लागलं होतं की मुलांना गोडी लावायची अशी मी गाठ बांधली. पण ते कॉलेज हुकलं ते काही गोडी नव्हती म्हणून नाही. तरीही इतके महिने मी मुलांना गोडीच तेवढी लावत बसलो. रस्ता कुठून निघतो ते मी एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं, कारण मला ते येत नव्हतं.

मी पत्रं लिहायला घेतली. पुण्याला, मुंबईला. काहींची उत्तरं आलीच नाहीत. एका ठिकाणाहून आलं की मुलींसाठी सोय नाही. दुसरीकडून आलं की असा अर्ज आजवर आलेला नाही, त्यामुळं नियम काय आहे ते पाहावं लागेल. पाहून त्यांनी काय ठरवलं ते कधीच कळवलं नाही. बाजारातून जाताना चाचा दर आठवड्याला विचारायचे, "आलं का काय, मास्तर?" मी नाही म्हणून मान हलवायचो. हळूहळू मी बाजाराचा रस्ता सोडून मागच्या गल्लीनं जायला लागलो. एकदा तिथंच त्यांची गाठ पडली. त्यांनी फक्त सलाम केला. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला.

तिसरी झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हिमतीनं तिला पुण्याला मावशीकडे ठेवलं आणि मुलींच्या हायस्कुलात घातलं. पहिल्या दिवाळीला ती मला भेटायला शाळेत आली. उंच झाली होती.

"कसं चाललंय विज्ञान?" मी विचारलं.

"आम्हाला आरोग्यशास्त्र आहे," ती म्हणाली. "पाणी उकळून प्यावं, जखम धुवावी. आणि शिवण. चुंबक, वीज काही नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मुलींना परीक्षेला ते लागत नाही."

"तू हेडबाईंना भेट."

"भेटले. त्या म्हणाल्या, शिकवायला माणूस नाही." मग म्हणाली, "मास्तर, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलंत? तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"नव्हतं."

"मग आम्हाला ते सगळं दाखवलंत कशाला?"

ती उद्धटपणे बोलत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी काहीतरी बोललो, ज्ञान कधी वाया जात नाही असलं काही. बोलतानाच ते मला पोकळ वाटलं. तिनं ऐकून घेतलं आणि नमस्कार करून गेली.

वडिवळ्याच्या मुलाचंही असंच झालं. त्याला रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ व्हायचं होतं. तो फोरमन तोवर बदलून गेला होता. आम्ही दोघं चौकशी करत योग्य टेबलापर्यंत पोचलो तेव्हा त्याचं वय बसत नव्हतं. काही महिन्यांनीच ते जास्त झालं होतं. टेबलामागचा बाबू म्हणाला, "गेल्या साली का नाही आलात?" मुलानं माझ्याकडं पाहिलं. पुढं तो तलाठीच झाला, आणि लोक म्हणतात की चांगला तलाठी झाला.

ती मॅट्रिक झाली आणि परत आली. तेव्हा लढाई सुरू झाली होती. लोणावळ्यातल्या बंगल्यांत रेडिओ आले होते आणि बिघडले की दुरुस्तीला मुंबईला न्यावे लागत. तिनं एक जुना सेट उघडून, इंग्रजी पुस्तकं मागवून, चुकत माकत ते काम शिकून घेतलं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती करायची. गिऱ्हाइकं चाचांची तारीफ करायची आणि चाचा प्रत्येकाला सांगायचे, "मी न्हाई, पोरगीनं केलं." बरेच जण हसून सोडून द्यायचे, त्यांना ती थट्टा वाटायची.

मी तोवर शाळेत जुना झालो होतो. हेडमास्तर निवृत्त झाले होते, कपाटाची किल्ली माझ्याकडे आली होती आणि काचेच्या निम्म्या नळ्या मुलांच्या हातून फुटल्याही होत्या. एक दिवस मी दुकानात गेलो आणि तिला म्हणालो, "शाळेत ये. तिसरीच्या मुलांना रेडिओ समजावून सांग. त्यांना हुरूप येईल."

ती तार जोडत होती. जोडून झाल्यावर तिनं मान वर केली.

"नाही येणार, मास्तर."

"का?"

"हुरूप येईल. मग पुढं काय? मी मागच्या खोलीत बसते. ते बघून त्यांनी काय व्हायचं ठरवावं?"

"एवढं तरी केलंस ना तू."

"ते मी केलं. त्याला रस्ता म्हणत नाहीत." तिनं हातातलं काम खाली ठेवलं. "तुम्ही आधी यादी करा. कुठं काय शिकवतात, आधी कुठले विषय घ्यावे लागतात, अर्ज कधी, वय किती, मुलींना घेतात की नाही. ती वर्गात लावा. मग बोलवा मला, येईन."

मला राग आला. इतकी वर्षं मी ज्यासाठी धडपडलो त्याची तिनं किंमत केली नाही असं वाटलं. घरी जाऊन दोन दिवस मी धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की ती मागत होती ते एका कागदावर मावणारं काम होतं आणि ते मी कधीच केलेलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुटीत मी पुण्यात एका नातेवाइकाकडे राहिलो आणि कचेऱ्या पालथ्या घातल्या. शिपाई बाहेर बसवून ठेवायचे, बाबू उद्या या म्हणायचे, काही जण विचारायचे की मुलगा तुमचाच का. एकाला मी सांगितलं की माझ्याकडं असे चाळीस आहेत, तेव्हा त्यानं खुर्ची दिली. जून उजाडेपर्यंत एक मोठा तक्ता तयार झाला. शेवटचा रकाना मुलींचा होता. त्यात दोन ठिकाणी 'होय' आलं. दोन्ही डॉक्टरकीची, आणि तिथंही आधी जे विषय लागत ते मुलींच्या बहुतेक शाळांत शिकवतच नव्हते. बाकी रकाना कोरा.

मी तक्ता तिच्याकडं नेला. तिनं प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. एके ठिकाणी वयाची अट मी चुकीची उतरवली होती, ती तिनं दाखवली. तिनंही परस्पर पत्रं पाठवून थोडी माहिती काढून ठेवली होती, हे मला तेव्हाच कळलं.

"कोऱ्या जागी काही लिहू का?" मी विचारलं. "प्रयत्न करावा, असं काही?"

"नको," ती म्हणाली. "खरं आहे तेच राहू द्या."

तक्ता लागला त्या आठवड्यात ती आली. रेडिओबद्दल तिनं जेमतेम दहा मिनिटं सांगितलं. उरलेला तास ती तक्त्यापुढं उभी राहून अर्ज कसा लिहायचा ते शिकवत होती. मुलं कंटाळली, दोघं डुलक्या काढत होते. त्या वर्षी सहा अर्ज गेले. एक मुलगा रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला, बाकीच्यांना नकार आले. त्यातल्या दोघांनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला.

दुसरीतली एक मुलगी मात्र मधल्या सुटीत येऊन तक्त्याकडं बघत राहायची. शेवटी तिनं मला विचारलं की या रकान्यात लिहायचं राहून गेलंय का. मी नाही म्हणालो. मग त्याचा अर्थ काय, असं तिनं विचारलं आणि मी तिला तो समजावून सांगितला. समजावताना माझा आवाज चढला असावा, कारण ती एक पाऊल मागं सरकली. मी तिला म्हणालो, तुझ्यावर नाही चिडलो. मग आम्ही दोघांनी बसून त्या कोऱ्या जागांतल्या एका ठिकाणी, मुलींना घ्याल का म्हणून, पत्र लिहिलं.